सोळावी ओळ

आमच्या शाळेत पाहुणे फार येतात. वह्या घेऊन येतात, फोटो काढतात, सहाही जिने चढून दमतात, आणि मग शिक्षकांच्या खोलीत पंख्याखाली बसून विचारतात, एवढी मोठी सरकारी शाळा तुम्ही अशी लहान कशी केलीत? मग त्यांच्यापुढे नकाशे पसरले जातात. कुठली भिंत पाडली, कुठे दार काढलं, कुठला जिना कुठल्या मुलांना दिला. शेवटी हजेरीची यादी दाखवतात. यादीत पंधरा नावं आणि खाली एक रिकामी ओळ. ही ओळ कशासाठी, असं कुणीतरी विचारतंच. "कमिटीने ठरवलं," असं आमचे हल्लीचे उपमुख्याध्यापक सांगतात.

कमिटीने डोंबल ठरवलं. मी पाचव्या जिन्याची कारकून आहे, तेवीस वर्षं याच शाळेत काम करते, आणि मी भांडकुदळ आहे हे आधीच सांगून ठेवते. ती ओळ कुणी आखली ते मला माहीत आहे, कारण ती माझ्यासाठी आखली होती.

आखणाऱ्या बाई उशिराच्या चिठ्ठ्या द्यायच्या. शाळेत त्यांना सगळे 'खिडकी' म्हणायचे, अर्थात पाठीमागे. तीन हजारांवर मुलं, एक फाटक, एक घंटा. घंटेनंतर जो येईल त्याने कार्यालयाच्या खिडकीशी जायचं, आपलं नाव सांगायचं, चिठ्ठी घ्यायची, कारण लिहायचं, अर्धा तुकडा आत द्यायचा आणि अर्धा वर्गात. खिडकीचा कट्टा एवढा उंच की लहान मुलांची हनुवटी त्यावर टेकायची. आतल्या बाईंचे फक्त हात दिसायचे. हात तुकडा घेणार, लोखंडी खिळ्यावर टोचणार, पुढचा. त्या हातांना चेहरा असेल असं मला दोन वर्षांत कधी वाटलंच नाही.

आणि मी तर तिथली रोजची गिऱ्हाईक. आठवी आणि नववी, आठवड्यातून चार दिवस तरी ठरलेले. कारणाच्या रकान्यात मी दर वेळी लिहायचे, 'उशीर झाला.' हात काही म्हणायचे नाहीत.

मग नव्या मुख्याध्यापिका आल्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, आणि त्या उंचीने माझ्या खांद्याला लागायच्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. तीन हजार मुलांत एखादं मूल आठवडाभर कुणाशी न बोलता हिंडू शकतं, आणि कुणाला पत्ताही लागत नाही. म्हणून इमारतीला असलेले सहा जिने म्हणजे सहा लहान शाळा करायच्या. प्रत्येक जिन्याचे आपले शिक्षक, तेच शिक्षक शेवटच्या वर्षापर्यंत. आणि शाळेतल्या प्रत्येक मोठ्या माणसाकडे पंधरा मुलं. शिक्षक असो, ग्रंथपाल असो, प्रयोगशाळेतला मदतनीस असो, नाहीतर घंटा देणारा शिपाई. रोज सकाळी पहिली चाळीस मिनिटं त्या पंधरांनी आपल्या माणसाजवळ बसायचं. शिकायचं काही नाही. कोण आलं, कोण नाही, कुणाचं काय चाललंय, एवढंच.

यावर जो गदारोळ झाला तो नकाशात दिसत नाही. गणिताचे दोन सर बदली मागून निघून गेले. शिपाई म्हणाले, पंधरा मुलं बसवायची कुठे, घंटेवर? आणि खिडकीबाई तर सरळ मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या. हे त्यांनीच मला पुढे सांगितलं.

"मी कारकून आहे. मला कागद द्या, पोरं नकोत."

"बारा वर्षं तुमच्याकडे पोरंच येताहेत," मोठ्या बाई म्हणाल्या.

"चिठ्ठ्या येतात."

"चिठ्ठ्या आपल्या पायांनी येतात का?"

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत कार्यालयाची भिंत खिडकीसकट पाडली. बाईंचं टेबल पाचव्या जिन्याच्या पहिल्या वळणावर, उघड्यावर मांडलं. पहिले दोन आठवडे त्या मुलांकडे पाठ करून बसल्या. पंधरा मुलं मागे बाकांवर गप्प, आणि बाई भिंतीकडे तोंड करून हजेरी घेताहेत. मोठ्या बाई येता-जाता बघायच्या.

आता माझं ऐका. मी दहावीत गेले तो हाच गोंधळ. आधी मला तिसऱ्या जिन्यात टाकलं होतं. तिथे गर्दी झाली म्हणून शेवटच्या दिवशी माझं नाव कापून पाचव्यात पाठवायचं ठरलं. तिसऱ्याने नाव कापलं. पाचव्याची यादी मात्र तोवर टाइप होऊन गेली होती. पहिल्या दिवशी तिसऱ्याच्या दारात मला सांगितलं, तुझं नाव इथे नाही, पाचव्यात जा. पाचव्यात सांगितलं, आमच्या यादीत नाहीस, तिसऱ्यात विचार. मी दोनदा वरखाली केलं. तिसऱ्यांदा नाही केलं. माझा स्वभाव तेव्हाही हाच.

आणि गंमत बघा, जिचं नाव यादीत नाही तिची गैरहजेरी लागत नाही. गैरहजेरी लावायला आधी नाव लागतं. जी शाळा एकही मूल हरवू नये म्हणून पाडून बांधली, तिने पहिल्याच दिवशी मला हरवलं, आणि तिच्या कागदांत सगळं चोख होतं. मी अकरा दिवस रोज शाळेत येत होते. व्यायामशाळेच्या वरच्या सज्जात बसायचे, मग वाचनालय, मग दुपारी घर. सुरुवातीला मजा वाटली. पाचव्या-सहाव्या दिवशी मजा संपली. एवढ्या माणसांत आपल्याला कुणीच विचारत नाही, हे एकदा कळलं की ते डोक्यातून जात नाही.

माझी आई रुग्णालयाच्या धुलाईखान्यात होती, पहाटेची पाळी. तिथे दुपारच्या पाळीला चादरी घडी करायला मुलगी हवी होती. मी आईला म्हटलं, मी येते. नको म्हणायचं तिच्या ओठांवर आलं होतं, मला दिसलं. पण ती दमलेली होती, वडील नव्हते, धाकटी जुळी घरात होती. "तुला शाळेत बरं वाटत नाही का गं?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, शाळेला माझं काही पडलेलं नाही. कामाला लागायचं तर शाळा सोडल्याचा दाखला आणायला सांगितला होता. म्हणून बाराव्या दिवशी मी दाखला मागायला गेले. दाखले कोण देतं, तर त्याच बाई.

टेबलाशी उभी राहिले. "बाई, शाळा सोडल्याचा दाखला पाहिजे."

त्यांनी मान वर केली. मी त्यांचा चेहरा पहिल्यांदा बघत होते. गोल, चिडका, दोरीला बांधलेला चष्मा.

"कुठे होतीस?" त्यांनी विचारलं.

मी मागे वळून बघितलं. वाटलं, दुसऱ्या कुणाशी बोलताहेत.

"तुलाच विचारते. कपाळापासून नाकापर्यंत तू मला पाठ आहेस. अकरा दिवस तुझी एकही चिठ्ठी नाही. सगळ्या जिन्यांच्या चिठ्ठ्या शेवटी माझ्याकडेच येतात. तू अकरा दिवस वेळेवर येशील यावर माझा विश्वास नाही. तिसऱ्यात विचारलं, ते म्हणाले पाचव्यात. पाचव्यात विचारलं, ते म्हणाले कोण? तर मी तुला विचारते, कुठे होतीस?"

एका माणसाला मी नाही हे कळलं होतं. आणि ते कळलं होतं मी उशिरा आले नाही यावरून. मी रडले असते, पण त्यांच्यासमोर रडायची लाज वाटली. म्हणून उद्धटपणे म्हटलं, "दाखला द्या."

त्यांनी कोरा दाखला काढला. नाव, जन्मतारीख, सगळं मोठ्या रजिस्टरात बघून सुवाच्य अक्षरात लिहिलं. जिन्याच्या रकान्याशी लेखणी थांबली.

"जिना कुठला?"

"कुठलाच नाही."

त्यांनी लेखणी खाली ठेवली. "मग दाखला देता येत नाही. जी कुठल्या यादीत नाही ती शाळेत नाही. आणि जी शाळेत नाही तिला शाळा सोडता येत नाही."

"हा काय न्याय झाला?"

"न्याय नाही, नियम आहे. आधी यादीत ये, पंधरा दिवस हजेरी लाव. मग ये, हातोहात दाखला देते."

मी हुज्जत घातली. कुठल्या यादीत येऊ, सगळ्या भरल्यात, पंधराच्या वर घेत नाहीत. त्यांनी खणातून आपली यादी काढली. पंधरा नावं. पट्टी घेतली, खाली एक ओळ आखली, सोळा आकडा घातला आणि माझं नाव लिहिलं. "उद्या सकाळी," म्हणाल्या, आणि अर्धा लिहिलेला दाखला खणात टाकला.

दुसऱ्या दिवशी मी पस्तीस मिनिटं उशिरा. त्यांनी चिठ्ठी पुढे केली. मी लिहिलं, 'उशीर झाला.'

"हे कारण नव्हे, ही बातमी आहे," बाई म्हणाल्या. "कारण लिही."

बाकावरची पंधरा जणं हसली. मला राग आला, आणि रागात मी खरं ते बोलून गेले. आई साडेपाचला घर सोडते. जुळ्यांच्या बालशाळेचं फाटक आठला उघडतं. आपली घंटा आठला दहा कमी असताना होते. तिथून इथवर पंचवीस मिनिटं चालत. उडत येऊ का?

"हे दोन वर्षं का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? खिडकीत तुम्हीच होतात."

मला वाटलं आता काही खरं नाही. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "हो," म्हणाल्या. "मीच होते." आणि हजेरी पुढे चालू केली. त्या दिवसापासून त्यांनी खुर्ची फिरवून घेतली.

त्याच शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांनी जुनी लोखंडी पेटी उघडायला लावली. बाई कागद टाकत नसत. दोन वर्षांच्या चिठ्ठ्या, प्रत्येकीला मधोमध खिळ्याचं भोक. आम्ही सोळा जणांनी त्या सभागृहाच्या जमिनीवर मांडल्या. माझ्या एकटीच्या दोनशेच्या वर निघाल्या, त्यावरून पोरांनी माझी यथेच्छ टर उडवली. आणि कारणाच्या रकान्यात जवळजवळ सगळ्यांनी माझंच कारण लिहिलेलं. उशीर झाला, उशीर झाला, उशीर झाला. बाई त्या कागदांमध्ये उभ्या होत्या. "एवढं सगळं माझ्या हातातून गेलं," म्हणाल्या. कुणाला उद्देशून नाही.

मग त्यांनी आम्हाला कामाला लावलं. जी मुलं सारखी उशिरा येत, त्यांना एकेकट्याला गाठून खरं कारण विचारायचं. आठवडाभरात कळलं, शंभराच्या वर मुलं रोज धाकट्या भावंडांना सोडून येतात. काहींची आजी अंथरुणाला खिळलेली. काहींची बस एकच, आणि ती आठनंतर पोचते. ही मुलं दोन वर्षं, तीन वर्षं पहिला तास बुडवून गणितात नापास होत होती, आणि आम्ही सगळे त्यांना आळशी म्हणत होतो. मीही म्हणत होते, मी आळशी नसताना.

नंतरच्या बैठकीत कमिटी नकाशे घेऊन बसली होती. चर्चा दरवाज्यांच्या रंगावर आली होती. बाईंनी गठ्ठा टेबलावर ठेवला. त्यांना भाषण येत नव्हतं. "भिंती पाडल्यात ते बरं झालं," एवढंच म्हणाल्या. "आता घंटा हलवा." आणि खाली बसल्या. मोठ्या बाईंनी वरच्या चार चिठ्ठ्या वाचल्या आणि दरवाज्यांचा विषय बंद केला.

पुढच्या महिन्यापासून पाचवा आणि सहावा जिना साडेआठला भरू लागला. ज्यांना गरज होती ती मुलं त्या जिन्यांत आली. आणि प्रत्येक यादीखाली एक रिकामी ओळ छापायचं ठरलं, कुणी जिन्यांच्या मधे पडलं तर जो पहिला भेटेल त्याने लिहून घ्यावं म्हणून.

पहिल्या दिवशी मी आठ पंचवीसला पोचले. बाईंनी घड्याळ बघितलं. संध्याकाळी घरी आले तर आई दारातच, चेहरा पांढरा. शाळेतून तिच्या कामावर फोन आला होता. शाळेतून फोन म्हणजे तक्रारच, एवढंच तिला ठाऊक. "काय म्हणाल्या?" मी विचारलं. आई म्हणाली, "तुमची मुलगी आज वेळेवर आली, म्हणाल्या. आणि ठेवला फोन." मग आई हसत सुटली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. त्या रात्री आम्ही चौघं पोटभर जेवलो, एवढंच आठवतं.

पंधरा दिवस कधी झाले ते माझ्या लक्षातही नव्हतं. बाईंनीच विचारलं, "दाखला देऊ?" मी म्हटलं, परवा प्रयोगाची परीक्षा आहे, ती होऊ दे. आणखी पंधरा दिवसांनी, "देऊ?" मी म्हटलं, स्नेहसंमेलनात माझं नाव आहे. असं बारावीपर्यंत चाललं. बारावी झाल्यावर त्यांनी तोच पिवळा पडलेला कागद काढला, जिन्याच्या रकान्यात 'पाचवा' लिहिलं, आणि कारणाच्या रकान्यात 'शिक्षण पूर्ण.' मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर म्हणाल्या, "उठ, रांग थांबलीय."

पुढे मी याच शाळेत लागले. पहिल्याच आठवड्यात दाखल्यांचे नियम वाचून काढले, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. पंधरा दिवसांचा नियम कुठेही नाही. कधीच नव्हता. जिन्याचा रकाना रिकामा ठेवूनही दाखला देता येतो. त्या दिवशी मी बाईंना विचारलं, तुम्ही खोटं का बोललात? "तू भांडत होतीस," त्या म्हणाल्या. "जी भांडते ती अजून गेलेली नसते."

बाई निवृत्त झाल्या तेव्हा त्यांचं कुणी जवळ नव्हतं. भाऊ-भावजय दूर दुसऱ्या गावी, लग्न केलं नव्हतं. निरोपाच्या दिवशी माझ्या पंधरा मुलांनी त्यांना आमची यादी दाखवली. सोळाव्या ओळीवर त्यांचं नाव. बाई चिडल्या. "ती ओळ हरवलेल्या मुलासाठी आहे, अडवू नका." मुलांनी पट्टी घेऊन खाली सतरावी आखून दाखवली. ठरलं ते असं की त्यांनी रोज साडेआठला टेबलावरच्या फोनवर 'हजर' म्हणायचं. सहा वर्षं त्या रोज फोन करतात. 'हजर' म्हणतात आणि ठेवतात, दुसरं अक्षर नाही.

गेल्या हिवाळ्यात एका मंगळवारी फोन आला नाही. माझ्यापुढे बदलीचे कागद पसरलेले. हजेरी घेणारी मुलगी म्हणाली, "बाईंचा फोन नाही."

"बाजारात गेल्या असतील," मी म्हटलं, मान वर न करता.

"बाई उशीर करत नाहीत," ती म्हणाली. आणि तिथून हललीच नाही.

ते ऐकून मी खुर्चीतून उठले. प्रयोगशाळेच्या मदतनीसाला बरोबर घेतलं, बाईंचं घर गाठलं, शेजारणीकडून किल्ली घेतली. बाई न्हाणीघरात पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलेलं, सहा वाजल्यापासून थंड फरशीवर. डॉक्टर म्हणाले, दुपारपर्यंत राहिल्या असत्या तर सांगता आलं नसतं. मी बाहेर येऊन भिंतीला टेकून रडले. त्या मुलीच्या जागी मी असते तर बाई गेल्या असत्या, हे मला माझ्यापासून लपवता येत नव्हतं.

चार दिवसांनी रुग्णालयात भेटायला गेले. उजवा हातही प्लास्टरमध्ये. मला बघून म्हणाल्या, "चिठ्ठी आणलीस?"

आणली होती. मुलांनीच दिली होती. मी लेखणी काढली. "कारण सांगा."

"लिही, उशीर झाला."

"हे कारण नव्हे," मी म्हटलं. "ही बातमी आहे."

त्या हसल्या, आणि हसताना दुखलं म्हणून चेहरा वाकडा केला. मग खिडकीकडे तोंड वळवलं.

"पाय घसरला," म्हणाल्या. "दोन हाका मारल्या. कुणी आलं नाही. मग म्हटलं, घसा कशाला फोडा. साडेआठला हजेरी आहे. पावणेनऊला त्यांना कळेल. म्हणून वाट बघत पडून राहिले."

"भीती नाही वाटली?"

"साडेआठपर्यंत वाटली," बाई म्हणाल्या.

मी ते तसंच्या तसं लिहून घेतलं. अर्धा तुकडा त्यांच्या उशीखाली ठेवला, अर्धा शाळेत नेला.